एक्केचाळीस नंबरचा पाय

प्रणाली भोईटेचा उजवा पाय हट्टाला पेटला होता.

गाडी चालू होती, रस्ता मोकळा होता. पट्टा लावून झाला, तिन्ही आरशांत बघून झालं, हातही स्टिअरिंगवर जागच्या जागी होते. पण पाय काही ब्रेकवरून उठून ॲक्सिलरेटरवर जायला राजी नव्हता. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचे शिर्के सर चहाचा कप हातात धरून बसले होते. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"मॅडम, मुहूर्त बघताय का?"

"सर, पाय जातच नाही हो."

"प्रणालीत बिघाड दिसतोय," शिर्के म्हणाले. तिचं नाव कळल्यापासून हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता, की आता हसायचं काम ते स्वतःच उरकून घेत.

तेवढ्यात शेजारून कुल्फीवाला गेला. जाता जाता त्यानं गाड्यावरची घंटा दोनदा वाजवली, टण टण. त्याबरोबर प्रणालीचा पाय सुटला. गाडी निघाली, शिर्क्यांचं डोकं मागं आपटलं आणि चहा थेट शर्टावर आला.

"आता काय कुल्फीवाल्याला पगारावर ठेवू?" शिर्के ओरडले.

हा सगळा घोळ घातला होता मोज्यानं. तेव्हा हा मोजा काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं.

नवशिक्याची अडचण डोक्यात नसते, डोक्यापासून पायापर्यंतच्या वाटेत असते. समोर म्हैस आडवी आली की डोळा बघतो, मेंदूला कळतं, मग मेंदू विचार करतो आणि मग कुठं पायाला हुकूम सुटतो. तोवर गाडी म्हशीपाशी पोचलेली असते. मुरलेल्या ड्रायव्हरचं तसं नसतं. त्याचा पाय डोक्याला विचारत बसत नाही, आधी उठतो. स्नायू हलण्याआधी त्यात अगदी बारीक वीज खेळते. ती पकडणारी चांदीची तार मोज्यात विणायची, असा मोजा जुन्या ड्रायव्हरच्या पायात घालायचा, आणि सोबतीला गाडीत कॅमेरा न् माईक ठेवायचा. काय दिसलं, काय ऐकू आलं आणि पायानं काय केलं, याची सांगड संगणक घालतो. शिकाऊ माणसाच्या पायात हे सगळं उलट चालतं. तेच दृश्य समोर आलं किंवा तोच आवाज कानावर आला की मोजा त्याच स्नायूला हलकी वीज देतो आणि पाय तसाच उचलायला लावतो. मोजा जबरदस्ती करत नाही, नुसता सुचवतो. जोर लावला तर मोजा हरतो. पण काही आठवडे असं झालं की वाट शिकणाऱ्याच्या मज्जातंतूंतच पडते, आणि मग मोजा काढला तरी पाय विसरत नाही. पोराला सायकल शिकवताना मागून धरलेली सीट आपण कधी सोडली ते त्याला कळत नाही, तसंच.

आता एवढं करून माणसानं गाडी शिकायचीच कशाला? पुण्यात तर गाड्या आपल्या आपण पळत होत्या. पण घाटात त्यांचा तोरा चालत नसे. पावसानं पांढरे पट्टे धुऊन नेले, दरड आली, समोरून धनगराची मेंढरं आली, की ती शहाणी गाडी गोड आवाजात "पुढील मार्ग अनिश्चित आहे" म्हणून जागीच बसे. म्हणून घाटाखालच्या पाथरवाडीच्या दवाखान्यात नर्स घेताना अट होती, की स्वतः गाडी चालवता आली पाहिजे. प्रणालीनं पुण्यात कंत्राटावर बरीच वर्षं काढली होती. आता घराजवळची, कायमची जागा मिळत होती. महिनाअखेरीपर्यंत लायसन्स दाखवलं तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईची.

आणि प्रणालीला मिळालेला एक्केचाळीस नंबरचा मोजा होता मोठा गुणाचा. हा पाय कुणाचा, ते शिकणाऱ्याला सांगत नसत, फक्त नंबर कळायचा. पण पायावरून माणूस ओळखू येतोच की. उभ्या बसच्या बाजूनं जाताना तो आपसूक सैल पडे, कारण बसच्या पुढून कुणीतरी धावत येणारच. रस्त्यावर चेंडू आला की चेंडू जाऊन पोरगं येईपर्यंत थांबे. उतारावर आधीच वेग मारून ठेवी, म्हणजे वळणात ब्रेकवर नाचायची वेळ येत नसे. मागून कुणी कितीही हॉर्न कोकलला तरी पुढच्या गाडीपासूनचं अंतर सोडत नसे. प्रणाली त्याला मनातल्या मनात 'बुवा' म्हणायला लागली होती. वळण नीट घेतलं गेलं की ती पुटपुटायची, "आभारी आहे बुवा."

फक्त निघायच्या वेळी बुवा रुसायचा.

त्याचं कोडं सोडवलं शालनबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी. प्रणाली त्यांना आत्या म्हणायची. नवरा पुण्याला असायचा, घरात या दोघीच. शालनबाईंना ही बॅटरीची गाडी डोळ्यांसमोर नको असे. त्या म्हणायच्या, "आवाज न करणारं जनावर कधी इश्वासाचं नसतं. सुरू झालं तरी कळत न्हाई, अंगावर आलं तरी कळत न्हाई."

सरावासाठी ड्रायव्हिंग शाळेची गाडी घरी आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून मागं घेऊन रस्त्यावर काढायची, तर पाय पुन्हा ठप्प. प्रणाली आत बसून घामाघूम झाली. शालनबाई पलीकडं भांडी घासत होत्या. त्यांनी ताटातलं खरकटं काढायला ताट कट्ट्यावर दोनदा आपटलं. गाडी निघाली.

शालनबाई बघतच राहिल्या. त्यांनी पुन्हा थांबायला लावलं, पुन्हा ताट आपटलं. गाडी पुन्हा निघाली. मग त्या साबणाच्या हातानं तोंड झाकून अशा हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं.

"अगं माझे बाई, ही तर डबल बेल! तुझा त्यो बुवा यष्टीचा ड्रायव्हर हाय!"

प्रणालीला काही कळेना. हल्लीच्या बसना कंडक्टर नव्हता, दारं आपोआप मिटत, तिकीट मोबाईलवर. ती पुण्यात वाढलेली, तिला कुठलं ठाऊक असायला.

"कंडक्टर दोरी वडायचा," शालनबाईंनी सांगितलं. "एक बेल म्हंजे थांब. दोन म्हंजे जाऊ द्या. मागं काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसतंय व्हय? कुणाचा पाय पायरीवर, कुणाची पिशवी दारात. म्हणून डबल बेल झाल्याबिगर गाडी हलायची न्हाई. यमराज आला तरी न्हाई."

म्हणजे पाय बिघडला नव्हता. मोजा बनवणाऱ्यांनी ड्रायव्हरचा पाय नीट उतरवून घेतला होता, पण मागून येणाऱ्या त्या दोन ठोक्यांचा अर्थ त्यांच्यापैकी कुणाला माहीतच नव्हता.

त्या दिवसापासून घरात नवीनच नोकरी सुरू झाली. प्रणाली गाडीत बसली की शालनबाई तांब्या आणि पळी घेऊन मागं उभ्या राहायच्या. "येऊ दे... येऊ दे... शेवग्याला लागंल, वळीव... येऊ दे..." आणि मग टण टण. कधी खिडकीत वाकून म्हणायच्या, "तिकीट काढलंस का?" प्रणाली म्हणायची, "पास आहे, आत्या." ज्या दोघी एरवी दुधाच्या भांड्यावरून दिवसभर अबोला धरायच्या, त्या सकाळी सकाळी गाडीभोवती खिदळायला लागल्या. शेजारणींनी त्याचीसुद्धा चर्चा केली.

पण परीक्षेत तांब्या कोण वाजवणार? तिथं साहेबाची शिट्टी झाली की गाडी लगेच निघाली पाहिजे, वेळ गेला की मार्क गेले. शिर्के सरांनी तोडगा आणला.

"तुमच्यासारख्या तक्रारी बऱ्याच आल्यात. कंपनीनं एक्केचाळीस नंबर साफ करून दिलाय. तो थांबायचा भाग काढून टाकला. उद्या या, नवा मोजा घाला. आठवडाभरात खोड जाईल."

प्रणालीनं सुटकेचा श्वास सोडला. संध्याकाळी भाकरी थापत बसलेल्या सासूला तिनं आनंदानं सांगितलं, "आत्या, उद्यापासून तुमची सुटका. घंटा वाजवायची गरज नाही."

शालनबाईंचा हात परातीत थांबला. "म्हंजे आमी बी नकोच की."

"तसं कुठं म्हटलं मी?"

"नीट आईकलं मी. कंडक्टर काढला, आता सासू काढा."

बोलण्यातून बोलणं वाढलं, दुधाच्या भांड्यापर्यंत गेलं, आणि दोघी न बोलता जेवल्या.

सकाळी प्रणाली गाडीत बसली. नवा मोजा शाळेत मिळायचा होता, म्हणून जुनाच पायात होता. गाडीला मागचं बघणारा भोंगा होता, पण अंगणातल्या शेवग्याला, भिंतीला, कोंबडीला, सगळ्यालाच तो कोकलायचा, म्हणून तिनं तो पहिल्याच दिवशी बंद करून टाकला होता. आरशात फक्त शेवगा दिसत होता. शालनबाईंना तांब्या घेऊन मागं जाताना तिनं पाहिलं होतं, पण "येऊ दे" आलं नाही आणि टण टणही आलं नाही.

तिनं वाट पाहिली. मग हाक मारली, "आत्या, वाजवा ना!" उत्तर नाही.

रुसल्यात, ती मनात म्हणाली. मुद्दाम उशीर करतायत. बरं, नका वाजवू! मोजा नुसता सुचवतो, जोर लावला तर हरतो, हे तिला माहीत होतं. तिनं दात आवळले आणि पाय रेटला. पोटरीत गोळा आला. पाय अर्धा उचलला गेला आणि परत ब्रेकवर बसला; सवय आता मोज्यापुरती उरली नव्हती. अगदी रडकुंडीला येऊन तिनं गाडी बंद केली आणि मोजाच काढून फेकावा म्हणून दार उघडलं.

दारापाशी, गाडीच्या पोटाखालून, तांब्या गडगडत आला आणि तिच्या पायाशी थांबला.

प्रणाली कशी उतरली ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. शालनबाई मागच्या चाकाला लागून जमिनीवर बसल्या होत्या. चाकामागचा धोंडा काढायला वाकल्या, पाय घसरला आणि छाती बंपरवर आपटली. श्वासच अडकला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. एक पाय पार गाडीखाली होता.

प्रणाली नर्स होती. तिनं आधी बरगड्या चाचपल्या, नाडी बघितली, पाठीला आधार देऊन श्वास सावकाश घ्यायला लावला. काही मोडलं नव्हतं. हे सगळं तिनं नीट केलं, आणि मग तिथंच मातीत बसून सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली.

"मी पाय रेटला होता, आत्या. मी निघणार होते."

शालनबाईंना आता कुठं आवाज फुटला. त्यांनी तिच्या केसांतली माती झटकली.

"मी बेल दिली न्हवती नव्हं? मग निघणार कशी हुतीस?"

त्या खरंच घाबरल्या नव्हत्या. घंटा आपल्या हातात आहे तोवर गाडी हलायची नाही, एवढा त्यांचा भरवसा होता. आणि प्रणालीला कळत होतं, की हेच जर आठवडाभरानं झालं असतं तर पाय मुळीच थांबला नसता.

शाळेत जाऊन तिनं नवा मोजा घ्यायला नकार दिला.

"अहो, नापास व्हाल!" शिर्के म्हणाले. "नोकरी जाईल."

"जाऊ दे. ही खोड मला हवी आहे. आणि सर, हा पाय कुणाचा आहे ते मला सांगा. मला त्यांच्या पाया पडायचंय."

शिर्क्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. त्यांनी चार ठिकाणी फोन केले, त्या माणसाची परवानगी घेतली आणि फोन प्रणालीच्या हातात दिला. पलीकडं अंकुश फडतरे होते, निवृत्त ड्रायव्हर.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, बरं वाटलं. पण पाय माझा असला तरी अक्कल त्याची न्हवती. ती आमच्या वैजूताईंची, वैजयंता माने, माझ्या कंडक्टर. घाटातल्या वस्त्यांवर गाडी थांबली की तिच्या सावलीला म्हातारी माणसं बसायची, पोरं खाली लपाछपी खेळायची. वैजूताई दर वस्तीला खाली उतरायच्या, गाडीला वळसा घालायच्या, वाकून चाकाखाली बघायच्या, आन् मगच डबल बेल. गाडी रोज लेट. लोक त्यांना उशीरबाई म्हणायचे. पण माझ्या पायाला सवय अशी लागली, की त्यांची बेल आली म्हंजे खाली कुणी न्हाई. आभार मानायचे तर त्यांचे माना."

मग परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षेत मोजा घालायला परवानगी नसते. प्रणाली अनवाणी पायानं गाडीत बसली, साहेबांनी शिट्टी मारली, आणि अपेक्षेप्रमाणे पाय जागचा हलला नाही. मोजा नव्हता, तरी नाही. आता तो तिचाच पाय होता.

तिनं गाडी बंद केली आणि दार उघडून खाली उतरली.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

तिनं गाडीला वळसा घातला, मागं बघितलं, वाकून चारी चाकांखाली बघितलं. मग दारापाशी येऊन टपावर तळहात दोनदा आपटला, आत बसली, पट्टा लावला, आणि गाडी अशी निघाली की साहेबांच्या हातातलं पेनसुद्धा हललं नाही.

चक्कर संपल्यावर साहेबांनी विचारलं, "ते मघाशी काय होतं?"

"डबल बेल, सर."

"निघायला उशीर झाला, त्याचे मार्क कापावे लागतील."

"कापा, सर."

त्यांनी खरंच कापले, हात राखून नव्हे, चांगले सढळ हातानं कापले. पण घाटातला उतार, वळण, अंतर, उभ्या बसजवळचा वेग, बाकी सगळं बुवानं असं शिकवलं होतं की कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. प्रणाली काठावर पास झाली. काठावर का होईना, पाथरवाडीची जागा तिची झाली.

लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात ती शालनबाईंना मागं बसवून वैजयंताबाईंच्या गावी गेली. वैजयंताबाई ओसरीवर पावटे सोलत बसल्या होत्या. पाहुण्या कुठल्या, कशासाठी आल्या, ते ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत.

"कुणाचा जीव वाचला म्हणता?"

"माझा," शालनबाई म्हणाल्या. मग त्यांच्याकडं निरखून बघत एकदम ओरडल्या, "अवो बया! तुमीच की त्या! सकाळच्या गाडीच्या! तुमच्यापायी माझा बाजार कायम हुकायचा. म्या लई शिव्या घातल्यात तुमाला!"

"समदेच घालायचे," वैजयंताबाई म्हणाल्या आणि हसल्या. "उशीर झाला म्हणून भांडायला ढीगभर माणसं यायची. पण आज चाकाखाली कुणी आलं न्हाई, म्हणून कोण कशाला येईल सांगायला?"

"आम्ही आलोय," प्रणाली म्हणाली. "ताई, तुम्ही आम्हाला ओळखतसुद्धा नव्हता. तुमच्यामुळं आज माझी आत्या माझ्यासोबत इथं बसलीय. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

ती पाया पडली. शालनबाईंनी पिशवीतून नारळ, तांदूळ आणि खण काढला आणि त्यांची ओटी भरली. आता मात्र वैजयंताबाईंचे हात थांबले. ओटीतल्या नारळाकडं बघत त्या पदरानं डोळे टिपून उठल्या. "थांबा, च्या टाकते. आज उशीर झाला तर झाला."

चहा झाला, पावट्याची आमटी-भाकरी झाली, वैजयंताबाईंनी केलेल्या अंकुशरावांच्या नकला झाल्या. निघताना ऊन कलतीला आलं होतं. प्रणाली गाडीत बसली, पट्टा लावला आणि सवयीनं पुन्हा दार उघडायला हात घातला.

"बस तू," वैजयंताबाई म्हणाल्या. "तुझा कंडक्टर हाय हितं."

त्यांचे गुडघे आता दुखत होते. तरी त्यांनी गाडीला वळसा घातला. मागं कोंबडीची पिल्लं होती, ती हुसकली. दारात अडकलेला शालनबाईंचा पदर सोडवून आत दिला आणि दार पुन्हा नीट लावलं. मग एक हात कमरेवर ठेवून, कण्हत, त्या पार वाकल्या आणि एकेका चाकाखाली सावकाश बघून घेतलं. प्रणाली आरशातून बघत होती. तिला कसलीही घाई नव्हती.

वैजयंताबाई सरळ उभ्या राहिल्या. हात उचलला आणि पत्र्यावर दोनदा मारला.

"जाऊ द्या!"

आणि पाय निघाला.